तराफ्यावरचे दोघे

जून १९५२. पेरू देशाच्या पूर्व टोकाला अ‍ॅमेझॉन नदीच्या पात्रावर एक तराफा आहे, लाकडाचे ओंडके एकमेकांना बांधून केलेला. ऊन-पावसापासून आडोसा म्हणून त्यावर खोपटेवजा छप्पर उभारले आहे. आणि त्यावर दोन तरुण. डावीकडचा जरा बुटका, अंगाने भरलेला, उजवीकडचा सडपातळ. छायाचित्र कृष्णधवल आहे आणि छायाचित्रकलेच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. कॉलेजच्या वयात पाठीवर वळकटी टाकून भटकायला गेलेल्या मित्रांचा असा एखादा फोटो बहुतेक घरांतल्या आल्बममध्ये असतोच. दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागतो, मग हातातला फडका हातातच राहतो आणि घरातल्यांनी मारलेल्या हाका ऐकू येत नाहीत.

फरक इतकाच, की या फोटोतल्या उजवीकडच्या तरुणाला पुढे सगळ्या जगाने ओळखले. तो अर्नेस्तो गव्हेरा, म्हणजेच चे गव्हेरा. या फोटोत मात्र ती प्रसिद्ध दाढी नाही, तारा लावलेली टोपी नाही, आणि ‘चे’ हे नावही त्याला अजून मिळायचे आहे. नुकती चोविशी ओलांडलेला, वैद्यकीची अखेरची परीक्षा बाकी ठेवून घराबाहेर पडलेला हा एक दमेकरी मुलगा आहे. डावीकडचा अल्बेर्तो ग्रानादो. त्याचे नाव आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

या दोघांनी सुमारे सात महिने एकच दारिद्र्य पाहिले, एकाच अंथरुणात थंडी काढली, एकाच थाळीतले अन्न खाल्ले. पण त्या पाहिलेल्या दुःखावरचे उत्तर मात्र दोघांनी दोन ठिकाणी शोधले. चेच्या आयुष्याचा अर्थ लावायचा तर भिंतीवरच्या लालभडक पोस्टरपेक्षा हा धूसर फोटो जास्त उपयोगी पडतो, तो यासाठी.

अर्नेस्तोचा जन्म अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातला. कागदोपत्री तारीख १४ जून १९२८. पाच भावंडांत तो थोरला. घराणे जुने आणि नावाजलेले, पण पैशाची आवक बेभरवशाची. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा, मे १९३० मध्ये, गार हवेच्या दिवसात आई सेलिया त्याला घेऊन पोहायला गेली. त्या रात्री त्याला धाप लागली. दम्याचा तो पहिला झटका. दम्याने पुढे उभ्या आयुष्यात त्याची पाठ सोडली नाही. मुलाला कोरडी हवा मानवेल म्हणून सगळ्या कुटुंबाने बिऱ्हाड उचलले आणि कॉर्दोबा प्रांतातल्या डोंगराळ आल्ता ग्रासिया गावी मुक्काम हलवला. शाळा बुडायची, तेव्हा आईच घरी शिकवायची. अंथरुणाला खिळलेले मूल करणार काय? वडिलांच्या कपाटातली पुस्तके एकामागून एक संपवू लागले. आणि उठून उभे राहता येताच धावू लागले, तेही रग्बीसारख्या धसमुसळ्या खेळात. मैदानाच्या कडेला दम्याचे औषध ठेवायचे, छाती भरून आली की दोन झुरके घ्यायचे आणि पुन्हा आत धावायचे.

या रग्बीच्या मैदानावरच अल्बेर्तो त्याच्या आयुष्यात आला. तो वर्गमित्राचा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा, जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि रग्बीचा प्रशिक्षक. १९४३ साली विद्यार्थ्यांच्या आंदोलनात अल्बेर्तोला अटक झाली, तेव्हा हा पोरगा त्याला भेटायला कोठडीपाशी जात असे. आमच्या सुटकेसाठी तुम्ही मुलांनी मोर्चा काढा, असे अल्बेर्तोने सुचवले. नुसत्या लाठ्या खायला रस्त्यावर उतरण्यात अर्थ नाही, हातात पिस्तूल असेल तरच येतो, असे उत्तर या पंधरा वर्षांच्या मुलाने दिल्याचे अल्बेर्तोने पुढे सांगितले आहे. तेव्हा ते पोरवयातले बोलणे म्हणून हसण्यावारी गेले असणार.

पुढे अर्नेस्तो ब्यूनोस आयर्सला वैद्यकी शिकू लागला. पण पायाला भिंगरी होती. १९५० साली सायकलला एक छोटे मोटर-इंजिन बसवून त्याने एकट्याने उत्तर अर्जेंटिनात चार हजार किलोमीटरांहून अधिक भटकंती केली. परत आल्यावर इंजिन विकणाऱ्या कंपनीने त्याचा सायकलवर बसलेला फोटो मागून घेतला आणि एका क्रीडा साप्ताहिकात जाहिरात म्हणून छापला. भांडवलशाहीचा कट्टर वैरी म्हणून पुढे गाजलेल्या माणसाची छायाचित्रातली पहिली जाहीर ओळख ही अशी, एका मोटरच्या जाहिरातीतली! आणि मृत्यूनंतर तर त्याच्या चेहऱ्यावर काय काय विकले गेले याचा हिशेबच नाही.

२९ डिसेंबर १९५१ रोजी कॉर्दोबाहून अल्बेर्तोच्या जुन्या ५०० सीसी नॉर्टन फटफटीवर दोघे निघाले. फटफटीचे नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे ताकदवान. नावाप्रमाणे ती वागली मात्र नाही. घसरणे, पडणे, तारेने बांधून पुन्हा सुरू करणे असे करत ती आंदीज पर्वत ओलांडून चिलीपर्यंत कशीबशी पोचली आणि तिथे तिने कायमची मान टाकली. तिला सांतियागोत सोडून दोघे पायी निघाले.

फटफटी गेली आणि खरा प्रवास सुरू झाला. वाहनावर बसलेला माणूस देश बघतो. पायी चालणाऱ्याला माणसे भेटतात. व्हालपाराइसो बंदरात अर्नेस्तोला एक म्हातारी मोलकरीण दाखवली गेली. तिला दमा होता, हृदयही थकले होते. शिकाऊ डॉक्टर तिला काय देणार? जवळच्या गोळ्या त्याने तिला दिल्या. पण तिला खरी गरज औषधाची नसून विश्रांतीची आहे, आणि ती तिच्यासारखीला कोणताही डॉक्टर लिहून देऊ शकत नाही, हे त्याला तिथे कळले. दम्यात जीव कसा कासावीस होतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार! पुढे जहाजाच्या शौचकुपात लपून, फुकट प्रवास करत दोघे उत्तरेकडे गेले. चुकिकामाताच्या प्रचंड तांब्याच्या खाणीकडे जाताना वाळवंटातल्या रात्री त्यांना एक मजूर जोडपे भेटले. नवरा कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात जाऊन आलेला, काम मिळत नसलेला. नवरा-बायको एकमेकांना बिलगून थंडीत कुडकुडत होती, अंगावर घ्यायला काही नव्हते. यांनी आपल्याजवळचे एक पांघरूण त्यांना दिले आणि उरलेल्या एकात दोघे गुरफटून बसले. आयुष्यात इतकी थंडी वाजल्याचे आणि त्याच वेळी माणसांशी इतके जवळचे नाते वाटल्याचे त्याला दुसरे उदाहरण आठवत नव्हते.

नंतर पेरू. तितिकाका सरोवर, कुस्को, माचू पिचू. लिमामध्ये ऊगो पेस्से या कुष्ठरोगतज्ज्ञाने दोघांना आसरा दिला आणि अ‍ॅमेझॉनच्या काठावरच्या सान पाब्लो कुष्ठवसाहतीत पाठवले. अल्बेर्तोने कुष्ठरुग्णालयात काम केलेले होते, त्यामुळे भीती नव्हती. हे दोघे रुग्णांशी हातमोजे न घालता हस्तांदोलन करत, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळत. १४ जूनला अर्नेस्तोचा चोविसावा वाढदिवस तिथेच साजरा झाला. त्याला संगीताचा कान अजिबात नव्हता. मांबो कोणता आणि टँगो कोणता हे कळत नसे. वाजत असलेल्या भलत्याच तालावर तो गंभीर चेहऱ्याने टँगो नाचला आणि सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली.

निघण्याआधी निरोप द्यायला रुग्ण होडीत बसून वाद्ये घेऊन आले. अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला बोटे नव्हती, त्या जागी मनगटाला काटक्या बांधलेल्या होत्या. गाणारा आंधळा होता. आणि पुढच्या प्रवासासाठी त्या वसाहतीने दिलेली भेट म्हणजे फोटोतला हा तराफा. नाव ठेवले ‘मांबो-टँगो’. टँगो अर्जेंटिनाचा आणि मांबो क्युबाचा. त्या वेळी क्युबाशी या दोघांचा काडीइतकाही संबंध नव्हता. नियतीचे संकेत वगैरेंवर माझा फारसा विश्वास नाही, पण कादंबरीत असे नाव घातले असते तर संपादकाने ते ओढूनताणून आणलेले म्हणून खोडले असते.

तराफा हाकणे दोघांनाही नीट जमले नाही. उतरायचे होते कोलंबियातल्या लेतिसियाला. प्रवाहाने त्यांना पुढे ब्राझीलच्या हद्दीत नेऊन सोडले. तिथे तराफा देऊन त्याबदली होडी घेतली आणि उलट वल्हवत परत आले. शेवटी जुलैत व्हेनेझुएलाची राजधानी काराकास. अल्बेर्तोला तिथल्या कुष्ठरुग्णालयात नोकरी मिळाली. अर्नेस्तोने घरी जाऊन पदवी घ्यायची आणि परत येऊन त्याच्याबरोबर काम करायचे, असे ठरले. घोडे वाहून नेणाऱ्या मालवाहू विमानातून मायामीमार्गे तो ऑगस्टअखेर घरी पोचला.

घरी आल्यावर त्याने प्रवासातल्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या. त्यांच्या सुरुवातीला त्याने एक गमतीची आणि मार्मिक गोष्ट मांडली आहे, आणि ती नेमकी छायाचित्राबद्दलच आहे. पौर्णिमेच्या रात्री काढलेले म्हणून एखादे छायाचित्र कुणी दाखवले, तर बघणाऱ्याने ते मानावे किंवा मानू नये. कारण ते दृश्य त्याने स्वतः पाहिलेले नसते आणि काढणाऱ्याच्या सांगण्यापलीकडे दुसरा पुरावा नसतो. आणि या नोंदी करणारा तरुण मायदेशी पाऊल ठेवताच संपला, आता लिहितो आहे तो कुणी वेगळाच, असेही त्याने सांगून टाकले आहे.

१९५३ मध्ये तो डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा निघाला. अल्बेर्तोकडे जायचे होते. पण इक्वेडोरमध्ये भेटलेल्या मित्रांनी ग्वातेमालात क्रांती घडते आहे, तिकडे चल म्हटले आणि त्याने वाट बदलली. काराकासचे कुष्ठरुग्णालय राहून गेले. एखाद्या बंदरावर, रिकाम्या खिशाने, मित्रांशी गप्पा मारता मारता घेतलेला निर्णय. माणसांची आयुष्ये बहुधा अशीच वळतात.

ग्वातेमालात जमीन-सुधारणा करणारे निवडून आलेले सरकार जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या पाठबळाने उलथवले गेले. ते त्याने डोळ्यांनी पाहिले. तिथून तो मेक्सिकोला गेला. पोटासाठी काय केले? गळ्यात कॅमेरा अडकवून बागेत आणि रस्त्यांवर लोकांचे फोटो काढले. १९५५ च्या पॅन-अमेरिकन क्रीडास्पर्धांचे फोटो एका वृत्तसंस्थेसाठी काढले. त्याच उन्हाळ्यात त्याची फिदेल कास्त्रोशी गाठ पडली. क्युबन मित्रांनीच त्याला ‘चे’ म्हणायला सुरुवात केली होती. आपण बोलताना ‘अरे’ म्हणतो ना, तसे अर्जेंटिनाचे लोक वाक्यावाक्याला ‘चे’ म्हणतात. ते संबोधनच त्याचे नाव झाले.

नोव्हेंबर १९५६ मध्ये ‘ग्रान्मा’ नावाच्या लहानशा नौकेत ८२ माणसे दाटीवाटीने बसून क्युबाकडे निघाली. चे हा त्यांचा डॉक्टर. किनाऱ्यावर उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी, ५ डिसेंबरला, लष्कराने त्यांना गाठले. गोळीबारात पळताना पायाशी दोन ओझी होती, एक औषधांची पिशवी आणि एक काडतुसांची पेटी. दोन्ही उचलणे शक्य नव्हते. त्याने काडतुसांची पेटी उचलली. हा क्षण त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवला आहे. कुष्ठवसाहतीतून निघालेल्या तराफ्याची आणि या पेटीची गाठ इथे पडते.

दोन वर्षांच्या डोंगरातल्या लढाईनंतर, डिसेंबर १९५८ मध्ये सांता क्लारा शहर त्याच्या तुकडीने जिंकले आणि १ जानेवारी १९५९ रोजी हुकूमशहा बातिस्ता पळून गेला. मग आला तो काळ, ज्याबद्दल त्याचे भक्त बोलायचे टाळतात. हवानातल्या ला काबान्या किल्ल्याचा तो प्रमुख झाला. जुन्या राजवटीतल्या अधिकाऱ्यांवर क्रांतिकारी न्यायालयांत झटपट खटले चालले आणि अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या शिक्षांवरची अपिले त्याच्यापुढे येत. आरोपींपैकी कित्येकांचे हात छळाच्या रक्ताने माखलेले होते हे खरे. पण अशा घाईच्या न्यायाला न्याय म्हणता येत नाही हेही तितकेच खरे. सान पाब्लोत रुग्णाचा हात हातमोज्याविना हाती घेणारा माणूस तो हाच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत आणि एक सांगून दुसरी लपवणे लबाडीचे होईल.

जून १९५९ अखेर तो सरकारी दौऱ्यावर भारतातही आला. दिल्लीत पंडित नेहरूंनी त्याचे स्वागत केले. कलकत्त्यालाही तो गेला आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याने तिथली माणसे, रस्ते टिपत राहिला.

परतल्यावर, नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याला क्युबाच्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष करण्यात आले. कुणी चांगला अर्थतज्ज्ञ आहे का, असे फिदेलने बैठकीत विचारले, याला कम्युनिस्ट असे ऐकू आले आणि याने हात वर केला, हा विनोद क्युबात फार लोकप्रिय होता. त्याच्या कारकिर्दीतल्या नोटांवर सही आहे ती फक्त ‘चे’. आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत नमुन्याच्या सह्या ताडून पाहण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला ती सही पाहून पहिल्यांदा हसू येते आणि मग जरा भीतीही वाटते. पैशाबद्दलचा तिरस्कार प्रामाणिक होता, यात शंका नाही. परंतु नोट ही शेवटी विश्वासाची चिठ्ठी असते. ज्याला तिचे मोलच वाटत नाही, त्याच्या हाती देशाची तिजोरी देणे धोक्याचे. पुढे उद्योगमंत्री म्हणून त्याने क्युबाला झपाट्याने औद्योगिक करण्याचा घाट घातला. तो फसला आणि देशाला पुन्हा उसाकडे वळावे लागले.

४ मार्च १९६० रोजी हवाना बंदरात ‘ला कूब्र’ हे शस्त्रांनी भरलेले जहाज स्फोटात उडाले. दुसऱ्या दिवशी, ५ मार्चला, शोकसभेच्या व्यासपीठावर चे क्षणभर पुढे आला. अल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने झटकन दोन फोटो घेतले. वृत्तपत्राने त्यांतला एकही छापला नाही. कोर्दाने एक प्रत आपल्या भिंतीवर लावून ठेवली. १९६७ मध्ये फेल्त्रिनेल्ली या इटालियन प्रकाशकाने त्याच्याकडून प्रती नेल्या आणि चेच्या मृत्यूनंतर त्याचे पोस्टर जगभर गेले. कोर्दाने त्यावर मानधन मागितले नाही. एका मद्याच्या जाहिरातीत तो फोटो वापरला गेला तेव्हा मात्र २००० साली तो न्यायालयात गेला आणि मिळालेली भरपाई त्याने क्युबातल्या आरोग्यसेवेला देऊन टाकली.

त्याच १९६० साली दुसरा अल्बेर्तो, म्हणजे आपला तराफ्यावरचा अल्बेर्तो ग्रानादो, चेच्या बोलावण्यावरून हवानाला आला. आठ वर्षांनी दोघे भेटले. पुढच्या वर्षी तो बायको-मुलांसह क्युबात स्थायिक झाला. त्याने मंत्रिपद मागितले नाही, गणवेश चढवला नाही. सांतियागो दे क्युबा येथे वैद्यकीय विद्यालय उभारण्यात तो गुंतला, विद्यार्थी घडवू लागला, प्रयोगशाळेत रमला.

चेचे पाय मात्र एका जागी ठरेनात. १९६५ मध्ये तो गुपचूप काँगोला लढायला गेला आणि ती मोहीम फसली. जाण्यापूर्वी त्याने अल्बेर्तोसाठी साखर-उद्योगावरचे एक पुस्तक मागे ठेवले. त्यावरच्या अर्पणओळींत त्याने मित्राला एका जागी ठाण मांडून बसलेला भटका म्हटले, बंदुकीच्या दारूचा वास ओसरला की तुझी वाट पाहीन, असे कळवले. त्या ओळींत थट्टा आहे, माया आहे, आणि भेट होणार नाही याची जाणीवही आहे.

नोव्हेंबर १९६६ मध्ये तो डोक्यावरचे केस काढून, चष्मा लावून, उरुग्वेचा व्यापारी म्हणून बोलिव्हियात शिरला. ला पाझच्या हॉटेलात आरशासमोर बसून त्याने स्वतःचाच फोटो काढला, कुणी ओळखणार नाही असा. पण जंगलात गेल्यावर जुनी हौस सुटली नाही. गनिमांनी एकमेकांचे फोटो काढले, ते गुहांमध्ये दडवले, आणि ते लष्कराच्या हाती लागले. कोण कोण आहे याचा पुरावाच सरकारला मिळाला. ऑगस्ट १९६७ मध्ये सापडलेल्या त्या साठ्यात त्याची दम्याची औषधेही होती. काडतुसांसाठी एकदा टाकलेली औषधे शेवटी हवी तेव्हा हाताशी राहिली नाहीत. ज्या शेतकऱ्यांसाठी तो लढायला आला होता, त्यांच्यातले कुणी त्याच्याबरोबर आले नाही. ८ ऑक्टोबरला तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि ९ ऑक्टोबर १९६७ रोजी ला इगेरा खेड्यातल्या शाळेत त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. वय ३९. वायेग्रांदेच्या इस्पितळातल्या धुण्याच्या ओट्यावर ठेवलेल्या त्याच्या देहाचे, उघड्या डोळ्यांचे छायाचित्र फ्रेडी आल्बोर्ताने काढले. तीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याचे अवशेष सापडले आणि सांता क्लारात पुरले गेले.

अल्बेर्तो मागे राहिला, तो पुढे ४३ वर्षे. २००४ मध्ये त्या प्रवासावर चित्रपट आला, त्याच्या चित्रीकरणाच्या वेळी ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा सल्ला द्यायला हजर होता. चित्रपटाच्या अखेरीस त्याचा सुरकुतलेला चेहरा दिसतो. ५ मार्च २०११ रोजी हवानात तो गेला, वयाच्या ८८ व्या वर्षी. कोर्दाने तो जगप्रसिद्ध फोटो काढला, त्याला त्या दिवशी बरोबर ५१ वर्षे झाली होती.

दोघांत थोर कोण, असा प्रश्न तरुण वाचक विचारतील. एकाने स्वतःचा जीव पणाला लावला, आणि इतरांचेही. त्याच्या वाटेने मिळालेले यश आणि झालेली हानी यांचा हिशेब इतिहास अजून मांडतोच आहे. दुसऱ्याने डॉक्टर घडवले, ते डॉक्टर निमूटपणे आजाऱ्यांच्या उशाशी बसले, आणि त्याचे पोस्टर कुणी काढले नाही. पण चिलीतल्या त्या थंडगार रात्री पांघरूण दिले होते ते दोघांनी मिळून. घरातल्या मुलाच्या सदऱ्यावर टोपीवाला चे दिसला, तर त्याला हा दुसरा फोटोही शोधून दाखवावा. उजवीकडच्याला तो लगेच ओळखेल. डावीकडचा कोण, हे आपण सांगावे.